गीतरामायणाची कडवी कापू नका: आयोजक, निवेदक आणि गायकांना खुलं पत्र

गीतरामायणाचे कार्यक्रम करणाऱ्या सगळ्या आयोजकांना, निवेदकांना आणि गायक-गायिकांना,

सप्रेम नमस्कार.

रामनवमी जवळ आली की पुण्या-मुंबईपासून ते परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांपर्यंत सगळीकडे गीतरामायणाचे प्रोग्राम लागतात, आणि इतक्या वर्षांनंतरही लागतात याचा मला मनापासून आनंद आहे. हॉल भरतात, आजी-आजोबांबरोबर नातवंडं येतात, तबल्याची थाप पडली की लोक गुणगुणायला लागतात. तुम्ही मेहनत घेता, रिहर्सल करता, हे सगळं मान्य. पण एक गोष्ट वर्षानुवर्षं खटकतेय आणि आता ती लिहायलाच हवी असं वाटलं म्हणून हे पत्र.

तुम्ही कडवी कापता. दोन-अडीच तासांत वीस-बावीस गाणी बसवायची म्हणून प्रत्येक गाण्याचं ध्रुवपद, दोन कडवी, फार तर तिसरं, की टाळ्या आणि पुढचं गाणं. मध्ये निवेदक पाच-सात मिनिटं बोलतात, त्यात रामराज्य येतं, आजची पिढी येते, मोबाइल येतो, पण आत्ता जे गाणं सुरू होणारे ते कोण कुणाला म्हणतंय हे बऱ्याचदा येतच नाही. माझं म्हणणं असंय की गीतरामायणाचं सगळं काव्य ‘कोण कुणाला म्हणतंय’ यातच आहे आणि कडवी कापली की नेमकं तेच हातातून जातं. नुसतं असं म्हटलं तर ते मत झालं, म्हणून एक गाणं धरून दाखवते.

‘पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा’ घ्या. सगळ्यांना पाठ असलेलं. प्रोग्राममध्ये काय होतं, तर ध्रुवपद, मग ‘माय कैकयी ना दोषी’, मग थेट उडी मारून ‘दोन ओंडक्यांची होते सागरात भेट’, संपलं. लोक डोळे पुसतात आणि घरी जाताना सगळ्यांच्या मनात असतं की वा, काय तत्त्वज्ञान सांगितलंय, आयुष्य असंच असतं. म्हणूनच हे गाणं श्रद्धांजलीच्या सभेतसुद्धा वाजतं. पण पुस्तक उघडून बघा, या गाण्याला दहा कडवी आहेत आणि दहाही वाचली की कळतं, इथे राम तत्त्वज्ञान सांगायला बसलेला नाहीये, तो भरताला नाही म्हणतोय. भरत चित्रकूटला आलाय, परत चल म्हणून हटून बसलाय, आणि धाकट्या भावाचं मन न मोडता त्याला नकार कसा द्यायचा हा रामापुढचा प्रश्न आहे. पहिली सहा कडवी समजूत काढण्याची, पुढची चार निर्णय सांगण्याची. सातव्या कडव्यात ‘तुझा आणि माझा आहे वेगळा प्रवास’ येतं, आठव्यात ‘नको आग्रहाने मजसी परतवूस व्यर्थ’, नवव्यात चौदा वर्षं संपल्याशिवाय येणं नाही, ‘सत्य हे त्रिवार’. आधीची सगळी ओंडके-लाटांची भाषा या नकारासाठी जमीन तयार करत होती. तुम्ही जमीन तयार करून घेता आणि नकार कापून टाकता, मग उरतं ते सुविचारांचं गाणं.

आता जरा यमकं बघू, कारण इथे गदिमांनी, म्हणजे गीतरामायणाचे कवी ग. दि. माडगूळकरांनी, जे केलंय ते मला फार आवडतं. प्रत्येक कडव्यात तीन ओळी. तिसरी ओळ ध्रुवपदाला जाऊन मिळते, ‘संचिताचा’, ‘जगाचा’, ‘फळांचा’, असं ‘चा’ वर. ते सगळ्यांच्या लक्षात येतं. पण पहिल्या दोन ओळी ऐका. तात, कर्मजात. जगात, अंत. जन्मजात, नाशवंत. वनात, अकस्मात. प्राणिजात, जीवनात. सलग पाच कडवी ‘त’ वर, आणि त्यात ‘जात’ हे शेपूट तर पुन्हा पुन्हा, ध्रुवपदात दैवजात, मग कर्मजात, जन्मजात, प्राणिजात. नियतीचा एकच ठोका पडत राहावा तसं ते कानावर येतं, नेम आहे, नेम आहे, यातून सुटका नाही. आणि मग सहावं कडवं येतं ओंडक्यांचं, तिथे हा ‘त’ पहिल्यांदा तुटतो, भेट आणि गाठ. यमकसुद्धा पुरतं जुळलेलं नाही, ट आणि ठ, जवळ येऊन न जुळलेलं. दोन ओंडके भेटतात आणि सुटतात हे सांगणाऱ्या कडव्यातच यमक नुसतं एकमेकाला लागून जातं. हे गदिमांनी ठरवून केलं असेल की हातातून गेलं असेल याच्याशी मला कर्तव्य नाही, पण कानाला ते जाणवतं, फक्त एकच अट आहे, आधीची पाच कडवी ऐकलेली हवीत! पहिल्यावरून थेट सहाव्यावर उडी मारली तर तुटायला आधी काही बांधलेलंच नसतं. आणि मजा म्हणजे शेवटचं, दहावं कडवं परत ‘वनात’, ‘मनात’ असं ‘त’ वर येतं. ठोका परत आला, पण आता त्यात प्रेम आहे, ‘प्रेमभाव तुमचा माझ्या जागता मनात’.

मात्रा मोजून बघा हवं तर. ‘पराधीन आहे जगती’ 14, ‘पुत्र मानवाचा’ 10. ‘माय कैकयी ना दोषी’ 14, ‘नव्हे दोषी तात’ 10. दहाही कडव्यांची चाल हीच, लांब पाऊल आणि मग आखूड पाऊल, आणि आखूडावर थांबून श्वास. समजावणाऱ्या माणसाचं बोलणं असंच असतं, एक वाक्य पुढे टाकतो, मग जरा थांबून समोरच्याचा चेहरा बघतो. ज्या गायकांना ताना आवडतात त्यांना हात जोडून विनंती, त्या दहा मात्रांच्या शेवटी जी शांतता आहे तिथे तान भरू नका, तिथे भरताचा चेहरा आहे.

आणि हा भरत दिसतो कसा, तर संबोधनांमधून. ध्रुवपदात ‘भरता’. दुसऱ्या कडव्यात ‘वत्सा’. तिसऱ्यात ‘काय शोक करिसी वेड्या’. सहाव्यात ‘बाळा’. राम हळूहळू जवळ जवळ येतोय, नावावरून वेड्यावर, वेड्यावरून बाळावर, आणि इतकं जवळ घेतल्यावर पुढच्याच कडव्यात म्हणतो ‘अयोध्येत हो तू राजा, रंक मी वनीचा’. बाळ म्हटलेल्या पोराला एका कडव्यात राजा करून टाकलं. राजा आणि रंक, जागांची अदलाबदल, आणि आपल्याकडे रंक घेतानाचा तो सूर किती साधा आहे. आठव्या कडव्यात ‘मुकुट कवच धारण करि का वेष तापसाचा’, म्हणजे हा तापसाचा वेष कशाला, मुकुट घाल. ही अख्ख्या गाण्यातली एकच ओळ जिच्यातून आपल्याला कळतं की भरत स्वतःच तपस्व्याच्या वेषात येऊन उभा आहे! इतका वेळ आपण राजपुत्र डोळ्यासमोर आणत होतो. आणि दहाव्या कडव्यात ‘पुन्हा नका येउ कोणी दूर या वनात’, इथे एकदम अनेकवचन येतं, राम मान वर करून भरताच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांकडे बघतो, माता आहेत, गुरुजन आहेत, अयोध्येचे लोक आहेत, नऊ कडवी ते गप्प उभे होते आणि आपल्याला माहीतच नव्हतं. मग परत ‘मान वाढवी तू’, पुन्हा भरताकडे. एवढं सगळं नेपथ्य नुसत्या क्रियापदांच्या रूपात आहे, आणि मी तरी आजवर कुठल्याही स्टेजवर हे दहावं कडवं ऐकलेलं नाही.

चौथं कडवंही असंच बिचारं कायम कापलेलं. ‘तात स्वर्गवासी झाले, बंधु ये वनात’. म्हणजे वडील गेल्याची बातमी रामाला भरताकडूनच कळलीये. वाल्मीकींच्या रामाला ती ऐकून मूर्च्छा येते. जो समजूत घालतोय तोच नुकता पोरका झालाय, आणि ते तो एका ओळीत सांगून पुढे जातो. ही ओळ ऐकली नाही तर वरचं सगळं थंड डोक्याने केलेलं प्रवचन वाटू शकतं, वाटतंच.

वाल्मीकींचं नाव आलं म्हणून सांगते, ज्यांना वाटतं गदिमांनी फक्त संस्कृताचं सोपं मराठी केलं त्यांनी अयोध्याकांडातला 105 वा सर्ग शेजारी ठेवून वाचावा. ‘सर्वे क्षयान्ता निचयाः पतनान्ताः समुच्छ्रयाः। संयोगा विप्रयोगान्ता मरणान्तं च जीवितम्॥’ म्हणजे साठवलेलं संपतं, उंच गेलेलं खाली पडतं, भेटीचा शेवट वियोगात आणि जगण्याचा मरणात. चार चरण, चार शेवट. गदिमांनी यातले पहिले दोन उलटे केले, आधी उन्नतीचं पतन, मग संग्रहाचा नाश, तिसरा वियोग, आणि हे तिन्ही एका कडव्यात बसवले. चौथा चरण, मरणाचा, तो मात्र या कडव्यात घेतलाच नाही, त्याला पुढच्या कडव्याचं दार उघडून दिलं, ‘जिवासवे जन्मे मृत्यु’. मरण कुठल्या यादीत चौथ्या नंबरला बसवायचं नाही हे गदिमांना कळत होतं, कारण नुकतंच एक मरण झालंय. आणि ते दोन ओंडके, ‘यथा काष्ठं च काष्ठं च समेयातां महार्णवे’, हेही तिथलंच. पण वाल्मीकींकडे त्या लाकडांना काळ वेगळं करतो, ‘कालमासाद्य’. मराठीत ‘एक लाट तोडी दोघां’. काळाच्या जागी लाट आली की एकदम डोळ्यांना दिसतं, आणि ‘एक’ या शब्दात किती क्षुल्लक कारण पुरतं तेही येतं. उपमा तीच, पण तिला हलवणारा हात बदलला.

आता हे सगळं संबोधनांवर का उभंय याचं कारण या काव्याच्या जन्मातच आहे. 1 एप्रिल 1955, रामनवमी, आकाशवाणी पुणे केंद्र, सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द, बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं, संगीत, आणि मग आठवड्याला एक गाणं असं पुढच्या रामनवमीपर्यंत, एकूण 56. रेडिओ! चेहरा नाही, वेष नाही, रंगमंच नाही. कोण बोलतंय, कुणाशी, कुठे, हे पहिल्या ओळीतच कानाला कळायला हवं. म्हणून ध्रुवपदं बघा, ‘दशरथा घे हे पायसदान’, ‘थांब सुमंता थांबवि रे रथ’, ‘याचका थांबू नको दारात’, ‘रावणास सांग अंगदा’, ‘मज सांग लक्ष्मणा जाऊ कुठे’. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हाक आहे. ‘नकोस नौके परत फिरू’ मध्ये तर नावेला हाक, लगेच गंगेला, ‘नकोस गंगे ऊर भरू’, आणि ऊर भरणं नदीचंही आणि रडू येणाऱ्या बाईचंही, दोन्ही एकदम. ‘वालीवध ना खलनिर्दालन’ मध्ये मरणारा वाली रामाला काय विचारतोय ते आपल्याला ऐकूच येत नाही, फक्त रामाचं उत्तर ऐकू येतं, शेजारच्या खोलीत कुणी फोनवर बोलत असावं आणि पलीकडच्या माणसाचे प्रश्न आपण उत्तरांवरून ओळखावेत तसं. श्रोत्याने हे निम्मं काम करायचंय. हीच गंमत आहे आणि हाच फॉर्म आहे, महाकाव्य मोडून त्याची 56 बोलणी केली.

‘राम जन्मला ग सखी’ च्या सुरुवातीलाही बघा. चैत्र, शुद्ध नवमी, आणि लगेच ‘गंधयुक्त तरिहि वात उष्ण हे किती’, ‘दोन प्रहरी का ग शिरी सूर्य थांबला’. देव जन्माला आलाय आणि अयोध्येतली एक बाई मैत्रिणीला म्हणतेय, ऊन किती गं हे, सूर्य डोक्यावरच थांबलाय की काय. उत्प्रेक्षा म्हणून शाळेत आपण ती वहीत लिहू, पण आधी ते दुपारच्या उन्हाबद्दलचं साधं बोलणं आहे, आणि चमत्कार त्या बोलण्याच्या आडून आत येतो. काही ठिकाणी तुम्ही हे गाणं स्क्रीनवर पाळणा आणि उधळलेली फुलं दाखवत करता. दाखवा, माझी हरकत नाही, पण ती सखी आणि ती बोलणारी बाई गायिकेच्या आवाजात असू द्या.

प्रामाणिकपणे सांगायचं तर 56 च्या 56 गाणी मला सारखी वाटत नाहीत. युद्धाच्या भागात वर्णन वाढतं आणि माणूस माणसाशी बोलणं कमी होतं, तिथे माझं मन तितकं रमत नाही. तिथलं गाणं गाळलंत तर मी तक्रार करणार नाही. गाणं गाळा, पण घेतलेल्या गाण्याची कडवी गाळू नका, एवढाच माझा फरक.

वेळेचं काय, हे तुम्ही विचारणार. त्यावर माझ्याकडे एक ठोस सूचना आहे. वीस हिट गाण्यांची लिस्ट करण्याऐवजी चित्रकूटच्या भरतभेटीभोवतीची चार गाणी ओळीने, पूर्ण कडव्यांसह करा, पुस्तकात ती तशी लागूनच आहेत. ‘माता न तू वैरिणी’, भरत आईवर तुटून पडलाय. लगेच ‘चापबाण घ्या करी’, लक्ष्मणाला सैन्य घेऊन येणारा भरत शत्रू वाटतोय, आणि आपण मात्र आत्ताच त्याला आईशी भांडताना ऐकलंय, त्यामुळे लक्ष्मणाचा प्रत्येक शब्द चुकीचा आहे हे आपल्याला माहितीये आणि त्याला नाही. चाल पण बघा, चाप, बाण, घ्या क, री, गुरु लघु गुरु लघु, पाय आपटत येणारी. त्यानंतर तिसरं ‘पराधीन’, त्या आपटण्यानंतर ती 14-10 ची संथ चाल काय शांत वाटेल विचार करा. आणि चौथं ‘तात गेले माय गेली, भरत आता पोरका’. हे रामाला दिलेलं उत्तर आहे! राम म्हणाला होता माय कैकयी दोषी नाही. भरत दोष-बिष काढतच नाही, नुसतं म्हणतो माय गेली. जिवंत आई गेली. रामाचं इतकं समजावणं एका बाजूला आणि भरताचे हे दोन शब्द एका बाजूला, आणि मग तो पादुका मागतो. नकार पूर्ण ऐकला असेल तरच ‘आपुल्या द्या पादुका’ हे मागणं किती शहाण्या माणसाचं आहे ते कळतं, राम येणार नाही हे त्याने मान्य केलंय आणि तरीही राजा व्हायला तो तयार नाही. हा एक अख्खा अंक आहे. पहिल्या अर्ध्या तासा-पाऊण तासाला हे करा, मध्यंतरानंतर हवी ती लोकप्रिय गाणी घ्या.

दुसरी विनंती शेवटाबद्दल. बहुतेक प्रोग्राम ‘त्रिवार जयजयकार’ वर संपतात, राज्याभिषेक, सगळे उभे, फुलं. पण गदिमा तिथे थांबलेले नाहीत. त्यानंतर सीता म्हणते ‘डोहाळे पुरवा’, तिला वनात जावंसं वाटतंय, आणि पुढे तिला खरंच वनात नेऊन सोडतात आणि ती विचारते ‘मज सांग लक्ष्मणा जाऊ कुठे’. मागितलं ते मिळालं, असं मिळालं. ही दोन गाणी एकमेकांशेजारी ऐकवणं हे आयोजकाचं धाडस आहे हे मला कळतं, मंगल कार्यक्रमाचा शेवट असा कसा करायचा असं वाटतं. मग शेवटी ‘गा बाळांनो श्रीरामायण’ आहेच की. वाल्मीकी कुश-लवांना सांगतायत जा आणि गा. पण काळाच्या हिशेबाने हे शेवटचं गाणं पहिल्याच्या आधीचं आहे, कारण पहिल्या गाण्यात ती मुलं रामापुढे गायला उभीच आहेत, ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’. म्हणजे 56 वं गाणं संपतं ते थेट पहिल्याच्या तोंडाशी. आणि हे एकदा लक्षात आलं की मधल्या सगळ्या गाण्यांना अजून एक श्रोता मिळतो. सीता प्रश्न लक्ष्मणाला विचारते, पण या सगळ्या रामायणाचा श्रोता स्वतः राम आहे, म्हणजे आईचा तो प्रश्न मुलांच्या तोंडून त्याच्याही कानावर पडणार. पहिल्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तो आसनावरून उठून त्या मुलांना कवटाळतो, ‘उठुनि कवळिती अपुले शैशव’, स्वतःचं बालपणच मिठीत घेतो, आणि कडव्याची शेवटची ओळ ‘परि तो उभयां नच माहिती’. पुत्रभेट झाली आणि दोघांनाही ठाऊक नाही. हे कडवं कुठल्याही परिस्थितीत कापू नका, बाकी सगळं नंतर बोलू.

निवेदकांसाठी तर काम सोपं होईल. प्रत्येक गाण्याआधी तीनच गोष्टी सांगा, कोण बोलतंय, समोर कोण आहे, आणि आत्ताच काय घडून गेलंय. ‘पराधीन’ च्या आधी एवढं पुरे, की भरत जटा वाढवून, वल्कलं नेसून आलाय, मागे माता आणि अयोध्येचे लोक आहेत, वडील गेल्याचं रामाला नुकतंच कळलंय. बस. याचा अर्थ काय, यातून आपण काय घ्यायचं, हे सांगू नका, ते गाण्यात आहे आणि ऑडियन्स हुशार आहे.

लोकांना कंटाळा येईल असं मला एका आयोजकांनी समोर सांगितलं होतं. मला ते पटलं नाही. आठवड्याला एकच गाणं मिळायचं तेव्हा लोक पुढच्या गाण्यासाठी आठवडाभर थांबले, असे एक वर्ष थांबले. त्यांचीच मुलं-नातवंडं आज तुमच्या हॉलमध्ये बसलीयेत. त्यांच्या पुढ्यात एकदा दहा कडवी ठेवून तर बघा, हवं तर शब्दांचा कागद खुर्चीवर ठेवा, झेरॉक्सचा खर्च मंडळातले आम्ही श्रोतेच वर्गणी काढून देऊ.

पुढच्या रामनवमीच्या लिस्ट तुम्ही आता दोन-तीन महिन्यांत करायला घ्याल. कुणी चित्रकूटचा हा अंक पूर्ण करणार असेल तर जाहिरातीत तसं स्पष्ट छापा, ‘सर्व कडव्यांसह’, आम्ही घरचे पाचही जण तिकीट काढून येऊ आणि आणखी माणसं घेऊन येऊ.

आपली,
एक नियमित श्रोती